रूथआजींच्या दगडावरचे एकोणीस

माझ्या हातच्या वस्तू आधी सांगून टाकतो, म्हणजे हे कोण लिहितंय ते कळेल. घराचं लोखंडी फाटक. मुलीचं अभ्यासाचं टेबल, त्यात एकही खिळा नाही. मोटारसायकलच्या मागे बसणारी हत्यारांची पेटी. आणि दगडावर अक्षरं कोरायच्या माझ्या सगळ्या छिन्न्या, ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांच्या पोलादातून घडवलेल्या. अकोल्यात देवळांच्या, दवाखान्यांच्या, समाध्यांच्या कितीतरी पाट्या मी कोरल्या आहेत. हे सगळं मी बघून बघून शिकलो. दहावीनंतर शाळा नाही.

या ब्लॉगवर मी जुन्या कबरींचे फोटो टाकतो, ते नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. ते पाहून पुण्याहून सॅम्युएल नावाच्या गृहस्थांचा फोन आला. "अमरावतीच्या ख्रिस्ती दफनभूमीत माझ्या वडिलांची कबर आहे. दगडावर एक चूक आहे, ती दुरुस्त करायचीय." कसली चूक, असं विचारलं तर म्हणाले, "बघाल तेव्हा कळेल. आईला भेटा. पण तिचं बोलणं फार मनावर घेऊ नका, ती आज एक म्हणते, उद्या एक."

दगडावर चूक आहे म्हटल्यावर मला घरात बसवत नाही. शनिवारी सकाळी निघालो.

अकोला ते अमरावती शंभरेक किलोमीटर. रस्ता आता चौपदरी आणि चांगला आहे, जाऊन-येऊन साडेचारशेचं पेट्रोल पुरतं. चहासाठी मूर्तिजापूर गावात शिरा, नाहीतर महामार्गावर नुसते ढाबे लागतात. डिसेंबर असल्यामुळे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काळ्या दगडाची समाधी दिसली म्हणून थांबलो. दगडावर फक्त एक बैलजोडी होती. काम उत्तम, शिंगांचा बाक अगदी खरा. पण नाव नाही, तारीख नाही. शेतात एक जण तुरीला पाणी देत होता.

"भाऊ, समाधी कोणाची?"

"आमच्या आज्याची."

"मग नाव काहून नाही टाकलं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "आमाले माहीत हाय ना."

मी फोटो काढला आणि निघालो. बडनेऱ्यापर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठीच तर पाटी असते, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

दफनभूमीला कुलूप असतं. चावी समोरच्या पंक्चरवाल्याकडे मिळते, पण रजिस्टरात सही करावी लागते. जाणाऱ्यांनी मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि एक आरसा न्यावा. पुसट अक्षरं दिसत नसतील तर आरशाने ऊन आडवं पाडायचं, अक्षरं वर येतात. तारेचा ब्रश आणि ॲसिड कोणी घेऊन गेलं तर माझं नाव सांगू नका.

सॅम्युएल यांच्या वडिलांचा, योहान मास्तरांचा, दगड मागच्या रांगेत, कडुनिंबाखाली आहे. जाड शहाबादी फरशी, तिच्यावर दोन नावं शेजारीशेजारी. डावीकडे योहान, खाली काटकोन पाहायचा गुण्या आणि पेन्सिल कोरलेली. उजवीकडे रूथ, खाली कंदील. अक्षरं पाहून मी उकिडवा बसलो. कोरणारा माणूस माझ्याच जातीचा, म्हणजे स्वतःचं स्वतः शिकलेला. अक्षराची उभी रेघ तळाशी किंचित रुंद करायची खोड माझीही आहे. मास्तरांच्या मृत्यूचं साल १९८७. त्यातले १९ त्याच हातच्या वळणाचे, ८७ मात्र दुसऱ्याच कोणाच्या हातचे, घाईत केलेले. आणि रूथच्या नावाखाली लिहिलं होतं: १९३४ – १९. त्यापुढे कोरी जागा.

तेवढ्यात ऑटोरिक्षातून सॅम्युएल यांच्या आई, रूथआजी, आल्या. बारीक चण, पांढरी साडी, हातात काठी. त्या शेजारच्या कबरीवर बसल्या आणि मलाही हाताने खुणावलं.

"बस न भाऊ. पास्टरची हाय, त्याले लोकायची सवय हाय."

मी बसलो नाही. विचारलं, "आजी, हे १९ आधीच कोणी कोरलं?"

"मास्तरनं. दोघायचंबी. मी म्हनलं, पुढचं मोकळं सोड, कोनाले माहीत कवा मरीन. तो म्हने, अर्धं तरी माह्या हातचं असू दे." मग काठीने माती उकरत म्हणाल्या, "त्याले वाटलं, शतकाच्या आत दोघंबी उरकून जाऊ. तो गेला. मी राहून गेली."

"चूक हीच ना?"

"सॅम्युएल म्हनते चूक हाय. मी मेली की लोक वाचतीन, बुढी मागच्याच शतकात गेली. मंग इतके दिवस पेन्शन कोन खाऊन राहिलं होतं?" आणि स्वतःच हसल्या.

मी हिशेब सांगितला. आत्ता काही झालं आणि नुसते शेवटचे दोन आकडे भरले, तर दगडावर जन्म १९३४ आणि मृत्यू १९२६च्या आसपास, म्हणजे जन्माच्या आधी.

"आनि शंभर केले तं?"

"१९३४ ते १९३४. जन्मलात त्याच वर्षी गेल्यासारखं."

"म्हंजे सुईन मीच, अन् लेकरूबी मीच," त्या म्हणाल्या.

तेव्हा कळलं की त्या मिशनच्या दवाखान्यात सुईण होत्या. त्यांच्या नावाखालचा कंदील पाहून मी मनात धरलं होतं की ही श्रद्धेची ज्योत, अशा दगडांवर असते तशी. तसं बोलूनही दाखवलं.

"कायची ज्योत रे. रात्री खेड्यात बाळंतपनाले जावं लागे. मी येईपर्यंत मास्तर फाटकापाशी हाच कंदील घेऊन उभा राहे. एकडाव झोप लागली तं धोतर जाळून घेतलं."

इतके दगड वाचले, पण जळालेलं धोतर मला कुठेच दिसलं नसतं.

मग मी उपाय सांगितले. दगडाची भुकटी आणि गोंद भरून १९ बुजवता येतं, पण ठिगळ दिसणार. पूर्ण पृष्ठभाग घासता येत नाही, शहाबादी दगडाचे पापुद्रे सुटतात. नाहीतर नवा दगड.

"बुजवून टाक," आजी म्हणाल्या. मी पेटी उघडली, तर लगेच, "थांब. हात नको लावू." पेटी बंद केली. "काहून बंद केली? तुले येत नाही काय?"

मला येतं हो. पण काय करायचं तेच कळेना.

मुक्काम बडनेऱ्याला, आत्याच्या मुलाकडे. संध्याकाळी अमरावतीत गिला वडा खाल्ला. चाळीस रुपयांची प्लेट एकाला पुरते. दही वरून वेगळं मागा. वडा खाता खाता कागदावर तीन नमुने काढले. एकात १९ च्या खाली बारीक २० घातलं. एकात चौकट केली. तिन्ही वाईट दिसले.

रविवारी सकाळी लवकर, एकटाच पुन्हा गेलो. आदल्या दिवशी दुपारचं ऊन डोक्यावर होतं, आता ते पूर्वेकडून आडवं पडलं होतं, आरशाचीही गरज नव्हती. आणि मला दिसलं की रूथच्या नावाखालचे १ आणि ९ बाकी अक्षरांसारखे खरखरीत नाहीत. त्यांच्या कडा गुळगुळीत आहेत, खाचेच्या तळाला तेलकट चमक आहे. देवळाच्या उंबऱ्याला येते तशी. मास्तरांच्या नावाला ती नाही, कंदिलालाही नाही. पाऊस असा दोनच आकडे निवडून झिजवत नाही.

चर्च सुटल्यावर आजी आल्या. खाली वाकताना तोल सावरायला त्यांनी दगडावर हात टेकला. बोट एकावरून खाली आलं, मग नवाच्या गोलातून फिरलं. त्यांचं त्याकडे लक्षही नव्हतं. त्या माझ्याशीच बोलत होत्या.

"काय ठरवलं भाऊ?"

"काही नाही."

"मंग इतकं पेट्रोल जाळून आला काहून?"

मी पेटी आवरायला लागलो. त्या झिजलेल्या आकड्यांबद्दल विचारायचं धैर्य झालं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, "मी गेली की आकडे टाकाले तूच येजो. त्या ८७ वाल्यावानी नको करू."

"कोणते आकडे, आजी?"

"जे असतीन ते."

"पण वाचणाऱ्याला वाटेल..."

"वाटू दे. मास्तर वाचीन तं समजून घेईन."

आता घरी परतून आठवडा झाला. शेताच्या धुऱ्यावरची ती बैलजोडी मला आवडली की नाही, हे अजून ठरत नाही. जन्माआधीचं मरण माझ्या हाताने कोरायचं, हे मी कबूल केलं की नाही, तेही नीट आठवत नाही. पण काल वहीत मास्तरांच्या वळणाचा नऊ गिरवून पाहिला. शेपटी अजून जमलेली नाही.

मधे सॅम्युएल यांचा फोन आला होता. जुनी फरशी काढून टाकायची, काळ्या ग्रॅनाइटचा नवा दगड, दोघांची नावं सोनेरी अक्षरांत, वर लेसरने दोघांचे फोटो, सालं बिनचूक. दगड आणि वाहतूक त्यांची, मी फक्त कोरून बसवायचं. बहुतेक गिऱ्हाईकं पाटीला देतात त्याच्या कितीतरी पट ते द्यायला तयार होते, आणि अर्धे आधी. मी नाही म्हणालो. का, असं त्यांनी तीनदा विचारलं. रक्कम होती एक लाख वीस हजार रुपये.