शालनकाकीची तीन शून्यं

कातळवणे ग्रामपंचायतीला मार्चमध्ये पाणीपुरवठा खात्याची नोटीस आली. गावाने चौदा तारखेला एका दिवसात नऊ कोटी नव्याण्णव लाख एकेचाळीस हजार लिटर पाणी विहिरीला परत केलं आहे, तरी सात दिवसांत खुलासा करावा. सरपंच विनीत गुरव यांनी ती दोनदा वाचली आणि प्रथेप्रमाणे दोष द्यायला माणूस शोधू लागले. फार लांब जावं लागलं नाही. गावचा पंप चालवणारी आणि टाकीखालच्या मोठ्या मीटरचा आकडा रोज ॲपमध्ये भरणारी शालन तांबे पंचायतीच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होती.

"काकी, आकडा चुकीचा टाकलात."

"आकडा मीटराचा हाय. मी नुसता वाचला," सुई न थांबवता शालन म्हणाली.

शालन बौद्धवाडीतली, सातवी पास. नवरा धोंडू मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे इथलं वरखाली सगळं तिच्याच गळ्यात. अकरा वर्षांपूर्वी पंप तिच्या ताब्यात आला, तेव्हा वरच्या वाडीत दोनचार जणांना तिच्या हातचं पाणी जड वाटलं. शालनने व्हॉल्व्ह दोन दिवस 'दुरुस्तीला' काढला. तिसऱ्या दिवशी पाणी हलकं झालं.

मीटरला पाच चाकं होती, आणि त्यावरचा एक आकडा म्हणजे हजार लिटर. तेरा तारखेला आकडा होता ९९९६८. चौदाला ०००२७. चाकं संपली म्हणून मीटर फिरून पहिल्यापासून मोजायला लागला होता. गावात कुणाला याचं नवल नव्हतं. नवल वाटलं ते फक्त कंप्युटरला. त्याने सरळ वजाबाकी केली आणि ते पाणी विहिरीत नेऊन ओतलं.

खुलाशासाठी रत्नागिरीला बैठक होती. सरपंचांना नेमकी त्याच दिवशी कंबर धरली, म्हणून शालन एकटीच एसटीने गेली. खोलीत खात्याचे एक साहेब होते, आणि ॲप बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची निशिगंधा नावाची मुलगी. तिने भिंतीवर गोल आणि बाण यांचं जाळं दाखवलं.

"मावशी, याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. काय म्हणजे काय आणि कुणाचं कुणाशी काय नातं, हे यंत्राला समजावून सांगायचं. मग वेगवेगळ्या गावांची माहिती आपोआप जुळते."

"म्हणजे सोयरिकीचा तक्ता," शालन म्हणाली. तिने बाणांवरून बोट फिरवलं. "ह्या गोलात मीटर, नळ आणि पाणी एकाच घरात बसवलायस गो बाय."

"एकच तर आहे."

"कसा एक? मीटर बदलला तरी नळ तोच ऱ्हातो. मीटर बंद पडला तरी पाणी वाहतंच. आकडा म्हंजे पाणी नव्हं. आकडा म्हंजे मीटराने आजवर काय काय बघितलं, तेवढंच."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. निशिगंधाने मात्र पेन उघडलं.

शालनने पिशवीतून वही काढली. तारीख, आकडा आणि तिसरा रकाना, 'काय झालं'. अकरा वर्षांचं रामायण त्या रकान्यात होतं. 'नवा मीटर, शून्यापासून.' 'मिस्त्रीने काटा मागं फिरवला.' 'पाइपात हवा, पाणी नसता चाकं फिरली.' 'म्हशीची लाथ, काच फुटली.'

"शून्य तीन तऱ्हेचा असतो," ती म्हणाली. "नवा मीटर बसवला त्याचा, कुणी मुद्दाम फिरवला त्याचा, नि भरून परत आला त्याचा. दिसायला तिघं सारखेच. आमच्या वाडीत तीन महेंद्र हायत. एकाला हाक मारली की तिघं वळतात, म्हणून काय तिघांची बायको एक?"

साहेबांना ठसका लागला. निशिगंधा हसली नाही. ती लिहीतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आम्ही आकड्याला जागा दिली. घटनेला दिलीच नाही."

पुढच्या आठवड्यात ती गावात आली. तीन दिवस शालनच्या मागून टाकी, विहीर आणि वरच्या वाडीची लाइन हिंडली. कातळावर पाय पोळले, दोनदा घसरली, सगळी वही फोटोत घेतली. नव्या जाळ्यात मीटर वेगळा झाला, वाचन वेगळं, आणि प्रत्येक घटनेला स्वतःचा गोल मिळाला. म्हशीचा गोल मात्र कंपनीने 'बाह्य आघात' नावाने घेतला. "म्हशीला आवडायचं नाय," शालनने शेरा मारला. पण कातळवण्याचा चौदा तारखेचा वापर एकोणसाठ हजार लिटरवर आला आणि नोटीस मागे घेतली गेली. सरपंचांनी ग्रामसभेत सांगितलं, की आपल्या पाठपुराव्याला यश आलं.

मे महिन्यात दुसरी नोटीस आली. नव्या जाळ्याने जुन्या वहीतली एक घटना उचलली होती. 'मोजणं बंद, पाणी चालू.' पाच महिने. लाइन सरपंच विनीत गुरव यांच्या काजूच्या बागेची, तिथल्या बंद मीटरची.

सरपंच स्वतः पंपावर आले. "काकी, हे लिहायची काय गरज होती?"

"झालं ता लिहिलं."

"काढून टाका की."

"काढता येतंय ना," शालन म्हणाली. "पण त्याचापण गोल हाय आता. 'नोंद खोडली.' खोडणाऱ्याचा नाव नि सांगणाऱ्याचा नाव. निशिगंधाने घालून दिलाय. टाकू?"

सरपंच आल्या वाटेने परत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बागेत नवा मीटर बसला. शालनने जाऊन पहिला आकडा घेतला, आणि सरपंचांच्या बायकोने, काशीवहिनीने, तिला पडवीत खुर्ची देऊन काजूगर घालून केलेली उसळ खायला घातली. सरपंच आतल्या खोलीत होते. कंबर धरली होती म्हणे.