वेगवान डिस्क, जुना संगणक

संगणकाच्या दुकानदाराने मला फसवले. तासभर घासाघीस करूनही मी फसलो, हे मला जास्त झोंबते.

माझा टॉवेलचा कारखाना आहे. टॉवेलवरच्या नक्षीच्या फायली आमच्या जुन्या संगणकावर फार सावकाश उघडत. बाहेरगावचा मोठा व्यापारी नमुने बघायला येणार होता, म्हणून मी बाहेरून जोडायची सगळ्यात वेगवान डिस्क घ्यायला गेलो. "आधी संगणक आणा, तपासून देतो. त्याचे पैसे वेगळे पडतील," दुकानदार म्हणाला. ते पैसे मी भांडून वगळायला लावले, तपासणी नको म्हणालो आणि जिंकल्यासारखा डिस्क घेऊन परतलो.

सगळी नक्षी मी त्या डिस्कवर घातली. व्यापारी आला. पहिला नमुना पडद्यावर यायच्या आत त्याचा चहा संपला. तिसऱ्याला तो उठला आणि शेजारच्या कारखान्यात शिरला.

मी संगणक उचलला आणि दुकानदाराच्या टेबलावर आदळला. त्याने मागून वाकून बघितले.

"मालक, डिस्क लई पळती की! पण तुमच्या संगणकाची माहिती आत घ्यायची वाटच जुनी हाय. मागावरचा धोटा कितीबी पळवा, सूत हळू सुटलं तर टॉवेल कसा निघंल?"

"मग विकताना का नाही बोललास?"

"तपासू नको म्हणालात की तुमी!"

म्हणालो होतो. पण घासाघीस भावाची होती, खरे सांगण्याची नव्हती. 'कोणत्या संगणकाला जोडणार?' एवढे विचारायचे किती पैसे पडतात? दुकानात गिऱ्हाईक उभे असताना त्याने मला याचे उत्तर द्यावे, आणि मोठ्याने द्यावे.