सील न तोडता

गॅरेजवाल्या काकूंनी नवऱ्याच्या माघारी अठरा वर्षं गॅरेज चालवलं ते एकाच हेक्याने: इंजिन बाहेरून बोलतं करायचं, उगाच पोट फाडायचं नाही.

एका सकाळी मुलीसाठी पसंत केलेला भावी जावई मोटारसायकल घेऊन आला. दीडशे सीसीचं जुनं इंजिन काढून त्याने दुसरं बसवून घेतलं होतं. आत शर्यतीचा पिस्टन आहे, असं विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं होतं. मात्र सील तुटलं तर इंजिन परत घेणार नाही, अशी तंबीही दिली होती.

"काकू, काय ओढ आहे! पोटात खड्डा पडतो."

"जेवून आला नसाल," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी सीलला धक्का न लावता इंजिनाचा स्पार्क प्लग काढला.

भोकावर अंगठा दाबून त्यांनी जावयाला किक मारायला लावली. दाब चांगला होता, अगदी निरोगी. पण शर्यतीच्या इंजिनाने अंगठा उडवला असता. मग मुलीची विणायची सुई आत सोडून, पिस्टन सर्वांत वर आल्याची खात्री केली. आता वरच्या पोकळीत तेल किती मावतं ते पाहायचं होतं. साधा पिस्टन असेल तर एकोणीस मिलिलिटर, शर्यतीचा उंच पिस्टन असेल तर फार तर चौदा.

जावयाने गाडी तिरकी धरली आणि काकू सिरिंजने तेल सोडू लागल्या. बारा झाले, तेरा झाले. चौदाला तो हळूच म्हणाला, "सांडेल हं आता." काकूंनी सिरिंज पुन्हा भरली. तेल काठाला आलं ते एकोणिसाला. जावयाचा चेहरा पाहून त्यांनाच वाईट वाटलं. इंजिन ठणठणीत आहे, नुसतं साधं आहे, अशी त्यांनी समजूत घातली.

दुपारी दोघं विकणाऱ्याकडे गेली. सील शाबूत पाहून तो म्हणाला, आतलं तुम्हाला काय स्वप्नात दिसलं? काकू वाद घालत बसल्या नाहीत. तिथल्याच एका इंजिनाच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून, जावयाला किक मारायला लावून, त्यांनी याच्या पिस्टनच्या रिंगा गेल्यात असं सांगितलं. दुसऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही म्हणाल्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. तिसऱ्या इंजिनाकडे वळण्याआधीच विकणाऱ्याने आतल्या खोलीतून खरं शर्यतीचं इंजिन आणून दिलं.

ते बसवून जावई मोठी चक्कर मारून आला. हेल्मेट काढून त्याने ते हँडलला अडकवलं.

"काकू, खरं सांगू? मला काही फरक कळला नाही."

काकूंना तो त्या क्षणी पहिल्यांदा मनापासून आवडला. लग्नाची तारीख त्यांनी त्याच आठवड्यात पक्की केली.