विरोधातलं एक मत

वाचनालयाच्या वरच्या खोलीत, संगणकाच्या मोफत प्रणाली मराठीत आणणाऱ्या स्वयंसेवकांची वार्षिक सभा होती. समन्वयक म्हणून पुन्हा अनघाताईंचंच नाव पुढे आलं.

"यंदा मला सोडा. सासूबाईंना घरी एकटं ठेवता येत नाही आता," त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्ही दरवर्षी हेच म्हणता," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. दुसरं नाव आलं नाही. नियम म्हणून मोबाइलवर गुप्त मतदान झालं. मी शेजारीच होतो. ताईंचं बोट 'विरोध'वर टेकलेलं मला दिसलं.

बातमीत आम्ही पत्रकार 'बिनविरोध निवड' हे शब्द मानाने लिहीत आलो. फुकट कामाच्या जागी त्यांचा अर्थ बहुधा एवढाच, की बाकीच्यांनी नजर खाली वळवली. निवडायला निदान दोन माणसं समोर लागतात. एकच असेल, तर ते निवडलेलं नसतं, मागे उरलेलं असतं.

निकाल पडद्यावर आला. विरोधात एक मत.

"कोण रे हा नतद्रष्ट?" मागून आवाज आला. "ताई, मनावर घेऊ नका. आम्ही आहोत ना."

ताईंनी मान हलवली आणि पुढचा विषय वाचायला घेतला.