दुर्बीण कोणी सरकवली?

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी दोन वर्षं वाचतोय... आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतोय. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा तुम्ही हसलात तरी तक्रार नाही.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. गाव आदिलाबाद जिल्ह्यात, उटनूरच्या रस्त्याला. आम्ही बौद्ध, घरात देव-देवस्की, भूत-भानामतीला थारा नव्हता. अंगात येण्याची नक्कल करून मी वर्गातल्या पोरांना हसवायचो. माझी बायको सुमन मागच्या पावसाळ्यात तापानं गेली, तेव्हाही ‘आत्मा’ हा शब्द मी कोणाला काढू दिला नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला, संपलं. रडायचं तेवढं राहून गेलं.

माझ्याकडे आठ इंची आरशाची दुर्बीण आहे. नळी ठेवायची पेटी गावच्या सुतारानं प्लायवूडची करून दिलेली, मोटर वगैरे काही नाही. हे नीट लक्षात घ्या. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीत धरलेली वस्तू दीड-दोन मिनिटांत कडेला जाते आणि दिसेनाशी होते. नळी हातानं सारखी सरकवावी लागते. मी मृगातला तेजोमेघ नाहीतर कृत्तिकांचा झुबका बघून वहीत चित्र काढायचो आणि सरकवायचं काम सुमनचं. वर एक छोटी दुर्बीण असते, तिच्यातल्या फुलीवर तारा ठेवायचा, बस. तेजोमेघाला ती ढग म्हणायची. मी चित्रात रमलो की ओरडायची, “तुमचा ढग पळून राह्यला जी!”

मोठ्या दुर्बिणीतून मात्र तिनं एकदाच पाहिलं. त्या दिवशी शाळेची पोरं आली होती. हिनं चष्मा काढून डोळा लावला. “हे अंधुक काऊन दिसते?” म्हणत फोकसचं चाक फिरवलं आणि लगेच, “अजी, केवढं हो हे...”

मी पोरांसमोर खेकसलो, “चाकाले हात नको लावू म्हणून कितीदा सांगतलं तुले! सारं बिघडवलं!” आणि चाक उलटं फिरवलं.

तिनं चष्मा घातला. “तुमी पाहा, मी धरते.”

त्यानंतर अकरा वर्षं तिनं डोळा लावला नाही. आणि मी? भिंगांचा धडा मी जन्मभर शिकवला. तिचा नंबर जास्त, चष्मा काढला की चाक पाव फेरा आत फिरवावंच लागणार, हे मला कळत नव्हतं का? बिघडलं काहीच नव्हतं. मी नंतरही कधी म्हटलं नाही, ये, बघ.

या फेब्रुवारीत दुर्बीण गुडीहत्नूरच्या एका शाळेला द्यायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी, साडेसातच्या सुमारास, शेवटची म्हणून मागच्या अंगणात लावली. तेजोमेघ मधोमध आणला, फोकस केला, वही उघडली... आणि मुलीचा फोन आला. ती हैदराबादला असते. मागे रेंज नसते, म्हणून पुढच्या फाटकाशी गेलो.

“बाबा, खरंच देऊन राह्यले दुर्बीण?”

“सरकवील कोण आता?”

ती मग म्हणाली, “आईनं कधी पाह्यलं का हो त्याच्यातून?”

खोटं बोलवेना. “एकदा. मीच नाही पाहू देल्लं.”

आणि मग, सुमन गेल्यावर सहा महिन्यांनी, फाटकाला धरून मी रडलो. पोरगी तिकडे, मी इकडे. वीस मिनिटं तरी गेली असतील.

परत आलो ते दुर्बीण आवरायला. तेजोमेघ केव्हाच निघून गेला असणार. सवयीनं छोट्या दुर्बिणीत डोकावलो.

तारा फुलीवर होता.

मग मोठीला डोळा लावला. ढग बरोबर मध्यभागी होता, पण अंधुक. चाक हळूहळू बाहेर फिरवलं. पाव फेऱ्यावर स्वच्छ दिसला. तेवढाच फेरा मी त्या दिवशी पोरांसमोर उलटा फिरवला होता.

वारा म्हणाल, तर वारा नळी ढकलेल, आभाळाच्या चालीनं वीस मिनिटं सरकवणार नाही. चाक घट्ट आहे, आपोआप फिरत नाही. अंगणाला तिन्ही बाजूंनी भिंत, आणि घरात मी एकटा. मीच विसरून चाक फिरवलं असेल, हेही म्हणून पाहिलं. पण मग नळी? ‘आत्मा’ हा शब्द मी अजूनही उच्चारत नाही.

दुर्बीण दिली नाही. आभाळ मोकळं असलं की लावतो. आधी चाक पाव फेरा आत फिरवतो, म्हणतो, “ये सुमन, पाह्य,” आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. परत येतो तेव्हा ढग दर वेळी पळालेला असतो.

तसं पुन्हा एकदाही झालेलं नाही. तरी मी रोज आधी तिच्याच डोळ्याला लावतो.