खाकी कव्हराखालचा जपान

रविवार, ११ जानेवारी, सकाळी दहा. स्थळ: सदाशिव पेठेतलं आईचं घर. हजर: आई, धाकटी बहीण, मी. काम: लहानपणीच्या पुस्तकांची कव्हरं काढणे.

धाकटीच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीत मुलांचं वाचनालय सुरू होतंय. तिथे मांडायला तिला आमची देशोदेशीची पुस्तकं हवी होती, मूळ चित्रं दिसतील अशी. आम्ही लहान असताना बाबा बुधवार पेठेतून दर महिन्याला एक पातळ पुस्तक आणत. एक देश, तिथलं एक मूल, त्याचं घर, शाळा, जेवण. आणलं की त्याच दिवशी खाकी कव्हर घालायचं, हा घरचा नियम. त्यामुळे मुखपृष्ठं आम्ही एकदाच, पाच-दहा मिनिटं पाहिलेली.

पहिलं कव्हर निघालं आणि इजिप्त असा पिवळाधमक बाहेर आला की दोघी एकदमच ओरडलो. मग नॉर्वे, त्यातली घसरगाडी. मग केनिया. एका पुस्तकातला तर देशच आता नकाशावर नाही. ते मी वेगळं ठेवलं, मुलांना मुद्दाम दाखवायला. कात्री माझ्याकडे, पुसायचं फडकं धाकटीकडे. आई खुर्चीवरून देखरेख करत होती.

अकरा पुस्तकं झाली. बारावं, जपान, नव्हतंच.

त्याची कथा घरात सगळ्यांना पाठ आहे. पुस्तकं कोणी नेली, कधी ठेवली याची वही मी ठेवायचे, वय वर्षं दहा. जपान आणलं त्याच दिवशी, कव्हर घालायच्या आधीच, धाकटीने बघायला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते सापडेना. आपण ते परत कव्हर घालायच्या ढिगात ठेवलं, असं ती रडून रडून सांगत होती, पण वहीत तशी नोंद नव्हती. मी लिहिलं, 'धाकटीने हरवले', आणि वही बाबांना दाखवली. त्या सुट्टीत तिला पुस्तकांच्या पेटीला हात लावायची बंदी झाली. घरात किल्ली सापडेना झाली की ती अजून म्हणते, मीच हरवली असेल, वहीत बघा.

शेवटी मानवाच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक राहिलं. ते वाचनालयाला द्यायचं नव्हतं, पण हात लागलाच होता म्हणून मी त्याचंही कव्हर कापलं. मागचा पुठ्ठा जरा फुगीर वाटला. कागद उलगडला तर पुठ्ठ्याच्या मागून जपान घसरून धाकटीच्या मांडीवर पडलं. लाल किमोनोतली मुलगी, हातात झाडू, कारण तिकडे मुलं आपला वर्ग स्वतः झाडतात. कोरं करकरीत.

मी आनंदाने उडालेच. बारा पूर्ण झाली म्हणून टाळ्याही वाजवल्या. धाकटी पुस्तक उलटंपालटं करून बघत होती.

"कव्हरं कोण घालायचं गं तेव्हा?" आईने शांतपणे विचारलं.

मी घालायचे. ढिगातून इतिहासाचं पुस्तक उचललं, त्याला खाली चिकटून जपान आलं, आणि मी दोन्ही मिळून झकास, घट्ट बांधून टाकली.

धाकटीने मला वही आणायला लावली. ती अर्थातच माझ्या कपाटात, जागच्या जागी होती. मी ती ओळ खोडायला पेन उघडलं, तर तिने माझा हात धरला.

"खोडायचं नाही. खाली लिही, खरं काय झालं ते."

आणि जपान पिशवीत टाकून ती घरी गेली. आधी ती वाचणार, मग वाचनालय.

संध्याकाळी मी कच्चा मजकूर तयार केला आणि तिला फोनवर वाचून दाखवला. त्यात सुट्टीची घाई होती, पुस्तकाचा पातळपणा होता, खाकी कागदाचा जाडपणा होता. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, माझं तू दोन शब्दांत उरकलं होतंस. तुझं पानभर कसं?"

अकरा पुस्तकं पुसून, गठ्ठा बांधून तयार आहेत. कामांच्या यादीत बाकी सगळ्यावर खूण झाली. वहीतल्या त्या ओळीखालची जागा अजून कोरी आहे.