योगिताने घातलेली मनाई

योगिता दानियल गावित नंदुरबारच्या एका धर्मादाय नेत्ररुग्णालयात नेत्र सहाय्यकाचे शिक्षण घेते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि ती दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे गाव नवापूरच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागलेल्या डोंगरात. वडील भात पिकवतात आणि शेतीची कामे सरली की बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. पहिल्या वर्षी डोळ्याच्या भागांची इंग्रजी नावे पाठ करताना तिची दमछाक झाली. हात मात्र लवकर तयार झाले.

या शिक्षणात सर्वांत आधी डोळा पुसायला शिकवतात. मिटलेला डोळा निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने नाकाकडून कानाकडे पुसायचा, एका बोळ्याने एकदाच, आणि तो बोळा टाकून द्यायचा. मुली हे एकमेकींच्या डोळ्यांवर गिरवत. शिकवणाऱ्या सरलाबाई सिस्टर मागे उभ्या राहून आपल्या अहिराणीत ओरडत, "डोळा पुशी ऱ्हायनी का भांडं घासी ऱ्हायनी वं?"

डोंगरातून आलेल्या रुग्णांची बोली वॉर्डात फक्त योगिताला येत असे. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काय करावे, काय टाळावे, हे त्यांना सांगण्याचे काम आपोआप तिच्याकडे आले. हे काम वाटते तितके लहान नाही. ज्याला डॉक्टरांचे बोलणे कळत नाही, त्याच्यासाठी दुभाष्याचा शब्द हाच डॉक्टरांचा शब्द असतो. ऐकणारा त्या शब्दाचे किती पालन करील, याची कल्पना दुभाष्याला नसते.

पावसाळ्याच्या अखेरीस हिरीबाई मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. नवरा फार पूर्वी वारलेला, मूलबाळ नाही. भावाच्या, रेवजीच्या, अंगणातच तिची खोपटी. त्यानेच तिला आणले होते. दोन्ही डोळे अधू झाल्यापासून तिला माणसे आवाजावरून ओळखावी लागत. शस्त्रक्रिया आटोपल्यावर बैलांच्या काळजीने रेवजी संध्याकाळच्या एसटीने परत निघाला. निघताना म्हणाला, "पट्टी सुटली की घरी ये, आणि बघ माझ्या मिशा किती पांढऱ्या झाल्या."

"तुझ्या मिशा बघायला डोळा काढून घेतला का मी?" हिरीबाई म्हणाली.

"काढून नाही, घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिताने पट्टी सोडली. हिरीबाईने आपले हात बघितले, हातातल्या बांगड्या बघितल्या, खिडकीतले झाड बघितले. मग तिचे डोळे भरून आले आणि सवयीने तिने पदर उचलून डोळा चोळायला सुरुवात केली. योगिताने घाबरून तिचा हात धरला. सांगायचे होते ते एवढेच, की डोळ्याला हात लावू नका, पदर लावू नका. पण भीतीने तिच्या तोंडून दुसरेच निघाले.

"रडायचं नाही, आजी. महिनाभर अजिबात रडायचं नाही. रडलीस तर डोळा जाईल."

"बरं बाई," हिरीबाई हसली. "रडायला आता माझ्याकडे काय उरलंय? नवरा गेला तेव्हाच सगळं रडून झालं."

त्याच दुपारी रुग्णालयाच्या गाडीने रुग्णांना गावोगाव सोडले. हिरीबाई पाड्यावर उतरली तेव्हा भावाच्या दारात माणसे जमली होती. रेवजी सकाळी शेतात छातीत कळ येऊन कोसळला होता.

त्या पाड्यात मयताच्या घरी येणारी बाई अंगणापासूनच आक्रोश करत येते. गेलेल्याचे नाव घेऊन त्याच्याशी बोलते, भांडते, त्याची उणीदुणी काढते. आणि बहीण असेल तर हा आक्रोश तिने सुरू करायचा. ते झाल्याशिवाय मयत उचलत नाहीत. सगळ्या बाया हिरीबाईकडे बघत राहिल्या. ती दवाखान्याने दिलेला काळा चष्मा लावून भावाच्या उशाशी बसली आणि ओठ घट्ट मिटून बसूनच राहिली. शेवटी दुसऱ्या बायांनी सुरुवात केली. रेवजीची बायको गजराबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "नवा डोळा भावापेक्षा मोठा झाला हिला." त्या दिवसापासून हिरीबाईला त्या घराचे दार बंद झाले.

आठवड्याने तपासणीला तिला घेऊन आला तो रेवजीचा मुलगा दलपत. आपल्या फुईला, म्हणजे आत्याला, बाकावर बसवून तो लांब उभा राहिला. नजर तपासायच्या तक्त्यावरच्या, इंग्रजी E सारख्या तीन दातांच्या चिन्हांची तोंडे कुठे वळली आहेत, ते हिरीबाईने बोटाने दाखवले. बारीक ओळीतलेसुद्धा चुकले नाही. योगिताला आनंद झाला.

"डोळा झकास आहे, आजी! दुसरा कधी करायचा?"

"दुसरा नको."

"का गं?"

"चांगला आहेच डोळा तिचा," दलपत लांबूनच म्हणाला. "माझ्या बापाच्या मातीला एक थेंब नाही निघाला त्यातून."

योगिताला काही कळेना. हिरीबाईने तिचा हात थोपटला. आवाजात राग नव्हता.

"तू सांगितलंस तसं केलं, पोरी. नाही रडले. सांगितलं त्यांना, पण कोणी ऐकेना. इतक्या वर्षांनी भावाचं तोंड नीट दिसलं, ते असं दिसलं. एका डोळ्याने एवढं दाखवलं. दुसरा नको."

योगिता तडक सरलाबाईंकडे गेली आणि जे घडले ते सगळे सांगितले. सरलाबाईंनी विचारले,

"रडू नको आसं कोनी सांगं व्हतं तुले?"

"कोणीच नाही, सिस्टर. मीच सांगितलं."

"आसूंनी काय व्हत नही डोळाले. हात लागना का मंग बिघडस." मग त्यांनी कपाट उघडले, निर्जंतुक बोळ्यांचे पाकीट काढून तिच्या हातात दिले. "हाई लई जाय. तठे तुलेच जानं पडी."

रेवजीच्या उत्तरकार्याच्या दिवशी योगिता पाड्यावर पोहोचली. अंगणात बाया बसल्या होत्या. हिरीबाई आपल्या खोपटीच्या दाराशी, एकटी. योगिता थेट गजराबाईसमोर जाऊन उभी राहिली.

"मावशी, आजीला रडायला मी मनाई केली होती."

"तू कोण?"

"दवाखान्यातली. दानियल गावितांची मुलगी."

"असं. तुमच्या चर्चमध्ये मयताला रडत नाहीत वाटतं?"

"रडतात, मावशी. मोठ्याने रडतात."

"मग हिला का अडवलंस?"

"मला भीती वाटली. डोळा पुसू नको सांगायचं होतं, रडू नको सांगितलं. चूक माझी आहे. तिने फक्त माझं ऐकलं."

अंगणात कुजबुज झाली. गजराबाई तिच्याकडे रोखून बघत होती. मग ती उठली आणि सावकाश खोपटीपर्यंत गेली.

"खरं सांगते का ही?"

हिरीबाईने मान हलवली.

"मग रड आता."

पण हिरीबाईला रडू येईना. इतके दिवस दाबून धरलेले सांगितल्याबरोबर कसे सुटणार? तेव्हा गजराबाई तिच्याजवळ मातीत बसली, तिच्या खांद्यावर डोके टेकले, आणि स्वतःच नवऱ्याच्या नावाने रडू लागली. त्या आवाजाबरोबर हिरीबाईचा आवाज वर आला.

"रेवज्या रे! पट्टी सुटली की ये म्हणालास, आले ना मी! मिशा पांढऱ्या झाल्या रे तुझ्या! एवढा म्हातारा झालास ते मला आधी का नाही सांगितलंस? थट्टेत सांगतो का कोणी असं? बैल कोणाला दिलेस? मला कोणाला दिलंस?"

बाया भोवती जमल्या. चष्म्याखालून पाणी वाहू लागले आणि हिरीबाईचा हात पदराकडे गेला. योगिताने तो हात हळूच धरला, चष्मा उतरवला, बोळा काढला. नाकाकडून कानाकडे. टाकून दिला. दुसरा काढला. हिरीबाई भावाशी भांडत राहिली, योगिता पुसत राहिली. जे हात मैत्रिणींच्या कोरड्या डोळ्यांवर तयार झाले होते, त्यांना आज खरे काम मिळाले.

थोड्या वेळाने गजराबाईने हात पुढे केला.

"दे. मी पुसते. माझ्या नवऱ्याची बहीण आहे ती."

"आधी हात धू, मावशी. साबणाने."

गजराबाईने डोळे वटारले. पण उठली, रांजणाजवळ जाऊन हात धुतले आणि ओले हात हवेत धरून परत आली. योगिताने दाखवले तसा तिने बोळा धरला आणि नणंदेचा डोळा पुसला. एका बोळ्याने एकदाच.

"दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी येईन हिच्यासोबत," ती म्हणाली. "ही पोर काहीही सांगते."